चित्रं काढणाऱ्या मुलीचं ‘राष्ट्रीय महत्त्व’

प्रश्न : मुलीने मुंबईच्या सर जे. जे. मधून अप्लाइड आर्टमध्ये बीएफए केलं आणि नंतर अमेरिकेत डिझाइनमध्ये मास्टर्स. सध्या ती ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणारी तात्पुरती कामाची परवानगी) एका स्टुडिओत आहे. रुग्णालयांची माहितीपत्रकं, औषधं कशी घ्यायची याची चित्रं, असं तिचं काम असतं. ग्रीन कार्डसाठी ‘नॅशनल इंटरेस्ट वेव्हर’चा (राष्ट्रहितासाठी नोकरीच्या प्रस्तावाची अट सोडणारी सवलत) अर्ज स्वतःच करावा असं तिच्या मनात आहे. पण त्यात कामाचं राष्ट्रीय महत्त्व सिद्ध करावं लागतं म्हणे. चित्रं काढणाऱ्या मुलीच्या कामाचं अमेरिकेला काय महत्त्व? पारितोषिकं आणि वर्तमानपत्रांतली कात्रणं भरपूर आहेत, ती पुरतील का?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, पारितोषिकं उपयोगी पडतील, पण तुम्हाला वाटतं त्या ठिकाणी नाही. ईबी-२ (मुख्यतः उच्च पदवीधरांचा ग्रीन कार्ड प्रवर्ग) मधल्या या सवलतीची कसोटी अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या २०१६ मधल्या ‘मॅटर ऑफ धनसार’ या निर्णयाने ठरवून दिली. ती तीन पायऱ्यांची आहे. योजलेल्या कामाला भरीव मोल आणि राष्ट्रीय महत्त्व हवं, ते पार पाडण्याची अर्जदाराची तयारी दिसायला हवी, आणि नोकरीच्या प्रस्तावाची व लेबर सर्टिफिकेशनची (त्या जागेसाठी योग्य अमेरिकी माणूस मिळत नाही, असा श्रम खात्याचा दाखला) अट सोडण्यात एकंदरीत अमेरिकेचा फायदा हवा. पारितोषिकं आणि कात्रणं दुसऱ्या पायरीची. पहिल्या पायरीवर मुलगी किती गुणी आहे हे कुणी विचारत नाही. ती पुढे नेमकं काय करणार, एवढंच विचारतात.

त्या निर्णयातला अर्जदार संशोधक होता. त्याचं हायपरसॉनिक प्रोपल्शनवरचं (ध्वनीच्या कैकपट वेगाने उडणाऱ्या यानांची इंजिनं) संशोधन या पायरीवर टिकलं. त्याला विद्यार्थ्यांना शिकवायचंही होतं. शिकवणं मोलाचं आहे हे मान्य झालं, पण त्याचा परिणाम वर्गाबाहेर पोहोचतो असं दाखवलं नव्हतं, म्हणून ते बाद झालं. कलाकारांचे अर्ज याच दगडाला ठेचकाळतात. स्टुडिओत कितीही सुरेख काम केलं, तरी अधिकारी म्हणतो की लाभ स्टुडिओला आणि त्याच्या ग्राहकांना. ‘आरोग्यशिक्षण महत्त्वाचं आहे’ हेही उत्तर नाही, कारण ते क्षेत्राचं महत्त्व झालं.

म्हणून आधी एक वाक्य पक्कं करायला सांगा. ‘मी आरोग्य क्षेत्रात डिझायनर म्हणून काम करीन’ हा व्यवसाय झाला. ‘इंग्रजी कमी येणाऱ्या रुग्णांसाठी औषधांच्या सूचनांचा, चाचणी केलेला चित्रसंच तयार करून तो कुठल्याही दवाखान्याला विनामूल्य वापरता येईल अशा परवान्यावर देईन’ हा उपक्रम झाला. बाकीचा सगळा अर्ज या वाक्याचा पुरावा असतो.

सरकारी गरज दाखवायला दोन पानं पुरेत. अमेरिकी आरोग्य खात्याने २०१० मध्ये आरोग्य-साक्षरतेचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, ‘हेल्दी पीपल २०३०’ या सरकारी आरोग्य-उद्दिष्टांच्या यादीतही हा विषय आहे. लोक इथेच शंभर पानं भरतात आणि त्यातून फक्त ‘मोल’ सिद्ध होतं. खरी मेहनत पुढे आहे. जुना कागद वाचून किती जणांनी डोस चुकवला आणि नव्या चित्राने किती जणांनी, याची साधी चाचणी करून नोंद ठेवावी. दोन-तीन वेगवेगळ्या राज्यांतल्या रुग्णालयांकडून ‘हा संच अमुक विभागात वापरणार’ अशी पत्रं घ्यावीत. इतर डिझायनरांना उचलता येईल अशी पद्धत लिहून प्रसिद्ध करावी. काम एका गावातून सुरू झालं तरी अडत नाही, कारण महत्त्व मैलांत मोजत नाहीत; त्याचा परिणाम त्या क्षेत्रात दूरवर जाईल, हे कागदावर दिसलं की झालं.

शिफारसपत्रं पाच-सहा पुरेत, पण निम्मी तरी तिच्यासोबत कधी काम न केलेल्यांची असावीत. ‘अत्यंत प्रतिभावान’ या शब्दांना काडीची किंमत नाही. तिचं काम कुठे वापरलं आणि त्याने काय बदललं, हे हवं. सगळी पत्रं एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाचली, तर ती नसलेली बरी.

घाई मात्र नको. अर्ज दाखल झाला त्या दिवशी जे हाती आहे तेच धरतात. शंका आली तर पुरावा मागवतात आणि जास्तीत जास्त बारा आठवडे देतात, पण त्या मुदतीत उपक्रम बदलता येत नाही. आय-२० वरचा (विद्यापीठाने विद्यार्थ्याला दिलेला प्रवेशाचा कागद) सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक, स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित) यादीत असेल, तर ओपीटी चोवीस महिने वाढू शकते. चाचण्या त्या काळात उरकाव्यात.

पदवीची काळजी नाही, कारण मास्टर्स अमेरिकेतलंच आहे. मात्र पदवी आणि उपक्रम यांचा सांधा जुळायला हवा. (फक्त जी. डी. आर्ट पदविका किंवा तीन वर्षांची पदवी असणाऱ्यांना मात्र इथेच अडचण येते.) आय-१४० (ग्रीन कार्डाच्या या सवलतीचा मूळ अर्ज) सोबत ईटीए-९०८९ या श्रम खात्याच्या फॉर्मचे लागू भाग भरून सही करायची असते. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकानुसार शुल्क ७१५ डॉलर, शिवाय स्वतः अर्ज करणाऱ्याला आणखी ३०० डॉलर. मराठी कात्रणांचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. ते पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. सारांश चालत नाही.

अर्ज मंजूर झाला म्हणजे ग्रीन कार्ड आलं, असं मात्र समजू नका. भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ ची रांग दहा वर्षांहून लांब आहे आणि मंजुरीने तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही. ओपीटीनंतर एच-१बी (कुशल कामाचा) किंवा ओ-१ (असामान्य गुणवत्तेचा) हा तात्पुरता व्हिसा लागेलच. माझ्या मते तिने नजर ईबी-१ए या असामान्य गुणवत्तेच्या ग्रीन कार्ड प्रवर्गाकडे ठेवावी. तिथे राष्ट्रीय महत्त्व सिद्ध करावं लागत नाही आणि रांगही पुष्कळ आखूड आहे. दहापैकी किमान तीन निकष पुरे करून देशभर किंवा देशोदेशी टिकून राहिलेलं नाव असल्याचं दाखवावं लागतं. इथे मात्र तुमच्या कात्रणांना भाव आहे, आणि प्रदर्शनांनाही.

आणि एक गोष्ट वकिलाला आधी विचारा. आय-१४० भरणं म्हणजे कायम राहण्याचा इरादा लेखी कळवणं. विद्यार्थी व्हिसाला तो चालत नाही. तिच्या पासपोर्टवरच्या एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) शिक्क्याची मुदत संपली असेल आणि ती दिवाळीला नाशिकला येणार असेल, तर अर्ज भरून झाल्यावर मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात नवा शिक्का नाकारला जाऊ शकतो. तारखा बघूनच तिकीट काढा.