बागेतले प्रश्न: अनंत लावावा की तगर?

प्रश्न (पुणे): ‘अनंत’ म्हणून नर्सरीतून रोप आणलं. फुलं पांढरी, भरगच्च पाकळ्यांची येतात, पण वास जवळजवळ नाहीच. पान खुडलं की दुधासारखा चीक येतो. अनंतच आहे ना?

नाही, ती डबल तगर आहे. चीक दिसला तिथेच निकाल लागला. तगर कण्हेर-चाफ्याच्या कुळातली, त्या घराण्यात चीक असतोच. अनंत कॉफीच्या कुळातला, त्याचं पान तोडलं तर चीक येत नाही. अनंताची कळी हिरवट, पिळलेल्या वातीसारखी असते. फुलाची पाकळी जाड आणि मेणचट लागते. उमललेलं पांढरंशुभ्र फूल दोन-तीन दिवसांत लोण्यासारखं पिवळट होतं, वास मात्र टिकून असतो. तगरीची पाकळी मलमलीसारखी पातळ. डबल तगरीला मंद वास असतो, तोही रात्री. पुढच्या खेपेला रोप घेताना एक पान खुडून पाहा. पाटीवर ‘गंधराज’ (अनंताचंच दुसरं नाव) लिहिलेलं असलं तरी.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): अनंताची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेणखत, राख, अंड्याची टरफलं सगळं घातलं. कळ्याही गळतात. शेजारची तगर त्याच मातीत मजेत आहे.

राख आणि टरफलं आधी बंद करा, दुखणं त्यांनीच वाढवलं आहे. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप) ५ ते ६.५. मराठवाड्यातल्या काळ्या, चुनखडीच्या मातीचा सामू ८ च्या आसपास असतो, आणि बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. नव्या पानात शिरांमधला भाग पिवळा पडणं ही लोहाच्या कमतरतेचीच खूण. (खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी होऊन गळत असतील तर ती गोष्ट वेगळी. नवी पालवी फुटताना थोडी गळतातच. एरवी पाणी जास्त होतंय का ते बघा.)

चमचाभर सुक्या मातीवर पांढरं व्हिनेगर टाकून पाहा. फसफसलं तर मातीत चुनखडी आहे. मग गंधक घालून ती जमीन आम्लधर्मी करण्याचा नाद सोडा, चुनखडी संपेपर्यंत गंधक पुरत नाही. चहाच्या चोथ्यानेही सामू हलत नाही. अनंत सरळ कुंडीत हलवा, पाऊस सुरू झाल्यावर, मुळांभोवतीच्या गोळ्यासकट.

बारा इंची कुंडीसाठी दोन भाग जांभ्याची लाल माती, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग कुजलेल्या पानांचं खत, अर्धा भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. शिंपल्यांचे तुकडे असलेली वाळू नको, तो चुनाच. मुळांभोवतीची काळी माती बोटांनी बाहेरून हलकेच मोकळी करा, सगळी धुऊन काढू नका.

पाणी पावसाचं साठवलेलं सर्वांत बरं. बोअरचंच घालायचं असेल तर दहा लिटरला २ ते ३ ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सपाट अर्धा चमचा, विरघळवा. फेब्रुवारी ते सप्टेंबर महिन्यातून एकदा ५ ग्रॅम अमोनियम सल्फेट दोन लिटर पाण्यातून, तेही माती ओली असताना.

आत्ताचा पिवळेपणा घालवायला चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) आणा, पण पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते वाचून घ्या. दुकानात सहसा पुढे करतात ते ‘ईडीटीए’, आणि चुनखडीच्या मातीत ते लोह धरून ठेवत नाही. २ ग्रॅम एक लिटर पाण्यात (पाणी गडद लाल होतं) मुळाशी घाला, गरज वाटल्यास दीड महिन्याने पुन्हा. ते मिळालं नाही तर हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम आणि लिंबूसत्त्व १ ग्रॅम एक लिटर पाण्यात घालून संध्याकाळी पानांवर फवारा. उन्हात फवारलं तर तपकिरी डाग पडतात. दोन-तीन आठवड्यांनी येणारी नवी पानं कशी आहेत ते पाहा, जुनी पूर्ण हिरवी होतीलच असं नाही.

कळ्या गळण्याचं बहुतेकदा एकच कारण नसतं. कुंडी एकदा जरी कडक सुकली तरी टपोऱ्या कळ्या पडतात. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलली, पश्चिमेची भिंत एप्रिलमध्ये तापली, तरी तेच. सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली हवी. एक कळी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक लांबट किडे चालताना दिसले तर ते फुलकिडे. निंबोळी तेल ५ मिली आणि द्रव साबण १ मिली प्रति लिटर, आठवड्याच्या अंतराने तीनदा.

तगर त्याच मातीत चांगली चालते हे तुमचं निरीक्षण बरोबरच आहे. देशावर, बोअरच्या पाण्यावर, कमी देखभालीत पांढरं फूल हवं असेल तर तगरच लावावी. अनंत हा वासासाठी लाड पुरवण्याचा प्रकार. कोकण-गोव्यात जांभ्या मातीमुळे तो जमिनीतही सुखाने वाढतो, इतर ठिकाणी कुंडीत, एखाददुसरा.

प्रश्न (सोलापूर): दहा मीटर कुंपणाला दोन्हीपैकी काय? रोपं किती?

तगर. दीड फुटावर एक, म्हणजे २२-२३ रोपं. अनंताला कात्रीने सरसकट छाटलं तर शेंड्यावरच्या कळ्या जातात आणि पाच फुटी हिरवी भिंत तेवढी उरते. तगरीचीही फुलं नव्या शेंड्यांवरच येतात, म्हणून दर पंधरवड्याला काटेकोर कातरलेल्या कुंपणाला फूल कमी मिळतं. फुलं हवी असतील तर वर्षातून तीनच छाटण्या करा. रोप फूटभर झालं की पहिला शेंडा खुडा, नाहीतर बुंधा उघडा राहतो. छाटताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात साबणाने धुवा.

अनंत छाटायचाच तर बहर ओसरल्यावर लगेच. हिवाळ्यात नको.

प्रश्न (चिपळूण): तगरीची पानं दोन रात्रींत फस्त! बोटाएवढी हिरवी अळी सापडली, मानेवर निळे डोळे.

कण्हेरीवरही येणारी ती पतंगाची अळी. निळे ठिपके खोटे डोळे आहेत, चावत नाही. खाली काळ्या लेंड्या दिसतील, त्यांच्या बरोबर वर शोधा आणि हाताने काढा. सगळं कुंपण भरलं असेल तरच संध्याकाळी बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूंची) पाण्यातून फवारा. महिनाभरात झाड पुन्हा पानावर येतं.

प्रश्न (नाशिक): दोन्हींची रोपं घरी कशी करावीत? तगरीची आणि अनंताची मुळं औषधी असतात म्हणे, काढावीत का?

तगरीची पेन्सिलीएवढी जाड, सहा इंची काडी पावसाळ्यात चीक सुकवून लावा, दोन डोळे मातीत. महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात. अनंताला धीर हवा: अर्धवट पिकलेला चार इंची शेंडा, निम्मी पानं काढून, वर प्लॅस्टिकची पिशवी, दीड-दोन महिने. गुटी कलम (झाडावरच्याच फांदीची साल काढून, ओलं शेवाळ बांधून मुळं फोडणं) जास्त खात्रीचं.

मुळं मात्र काढू नका. काष्ठौषधीच्या दुकानातला ‘तगर’ हिमालयातल्या एका वेगळ्याच वनस्पतीचं मूळ असतं, आणि ‘अनंतमूळ’ म्हणजे उपलसरी. नावांचा घोटाळा आहे, झाडांचा काही संबंध नाही. बागेतल्या तगरीचा कुठलाच भाग पोटात घेऊ नये. अनंताच्या फळातला केशरी रंग, जो केशरातही असतो, जपानात मुळ्याच्या लोणच्याला देतात. पण आपल्याकडच्या डबल अनंताला फळ सहसा धरत नाही.

उपयोग फुलांपुरताच ठेवा. तगर रोजच्या पूजेला: कळ्या संध्याकाळी खुडून ओल्या फडक्यात फ्रिजमध्ये ठेवल्या तर सकाळी उमललेल्या मिळतात. अनंताचं फूल देठाला धरूनच तोडा, पाकळीला बोट लागलं की तासाभरात तिथे तपकिरी डाग उमटतो.