‘बॅबिलॉन ५’चा लेखक चाहत्यांच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायचा का?

तुम्ही विचारलंय: ‘बॅबिलॉन ५’ नावाच्या अंतराळ स्थानकावर घडणाऱ्या या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचा लेखक म्हणे चाहत्यांशी थेट बोलायचा. पाच वर्षांची गोष्ट आधीच ठरलीय असं तो सांगायचा ते खरं, की लोकांच्या प्रतिक्रिया बघून गोष्ट बदलत गेली? आणि पहिल्या सीझननंतर हिरो का बदलला?

तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून एकदमच सांगतो. मालिका अजून बघितली नसेल आणि बघायची असेल, तर इथेच थांबा. पुढे मी सगळं फोडणार आहे.

लेखकाचं नाव जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की. चाहत्यांच्या तोंडी नुसता ‘जेएमएस’. १९९३ मध्ये पायलट, म्हणजे चाचणीचा भाग आला, मग जानेवारी १९९४ ते नोव्हेंबर १९९८ पाच सीझन. एकूण ११० भाग, त्यातले ९२ याने लिहिलेले. तिसरा आणि चौथा सीझन तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याचा, आणि पाचव्यातला फक्त एक भाग दुसऱ्याने, म्हणजे नील गेमनने, लिहिला. अमेरिकेत एकेका सीझनसाठी लेखकांची अख्खी फौज बसवतात, तिथे हा माणूस एकटा लिहीत होता, वर निर्मितीही बघत होता, आणि त्यातून वेळ काढून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होता. नव्वदच्या दशकात, जेव्हा इंटरनेट म्हणजे काय हेच बहुतेकांना माहीत नव्हतं, तेव्हा. झोपायचा कधी, हा माझा प्रश्न.

तर, खोटं बोलायचा का? धडधडीत खोटं बोलल्याचं मला तरी सापडलं नाही. पण सगळं सांगायचा असंही नाही. मला तर त्याने दिलेल्या उत्तरांपेक्षा, कुठल्या प्रश्नाला तो गप्प बसला हे जास्त मजेशीर वाटतं.

ज्यांची उत्तरं सहज मिळायची ते प्रश्न आधी उरकतो. स्थानकाला गुरुत्वाकर्षण कुठून आलं? ते स्वतःभोवती फिरतं म्हणून. पाच मैल लांबीचा, पंचवीस लाख टनांचा फिरता सांगाडा आहे तो. स्टारफ्युरी हे लढाऊ यान, ती विमानासारखी वळण का घेत नाही? कारण बाहेर हवाच नाही. ती जागच्या जागी गर्रकन फिरते, तोंड मागे करून पाठलाग करणाऱ्यावर गोळ्या झाडते आणि तरीही आधीच्याच दिशेने पुढे जात राहते. तेव्हाच्या पडद्यावर हे कुणी धड दाखवत नव्हतं. आणि अंतराळयानं किती वेगानं जातात? यावरचं त्याच्या नावावर खपणारं उत्तर प्रसिद्ध आहे: कथानकाच्या वेगाने. लोकांना ते टाळाटाळीचं वाटतं. मला प्रामाणिक वाटतं. आकडा दिला असता तर पुढची चार वर्षं कुणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन त्याच्या मागे लागलं असतं. स्वतः नास्तिक असून धर्माबद्दल इतक्या आदराने कसं लिहितोस, हेही विचारून झालं. ‘द पार्लमेंट ऑफ ड्रीम्स’ या भागाच्या शेवटी स्थानकाचा कमांडर सिंक्लेर परग्रहवासीयांना पृथ्वीवरच्या धर्मांची ओळख करून देतो. लांबलचक रांग उभी असते, आणि रांगेतला पहिला माणूस नास्तिक. त्याचं उत्तर तिथेच मिळतं.

आता गप्प बसण्याचं पहिलं कारण, आणि ते निव्वळ कायद्याचं. चाहत्यांनी गोष्टीच्या कल्पना सुचवलेल्या त्याला नको असायच्या. ‘असं झालं तर काय मजा येईल ना’ एवढंसुद्धा नको. हा उद्धटपणा नव्हता. उद्या तशीच गोष्ट मालिकेत आली तर सुचवणारा कोर्टात जाऊ शकतो, आणि ‘मला आधीच सुचलं होतं’ हे सिद्ध करणं महाकर्मकठीण.

ही भीती हवेतली नव्हती. तिसऱ्या सीझनमधला ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’ हा भाग असाच अडकला होता. त्या जगात खुन्याला फाशी देत नाहीत. त्याची स्मृती पुसतात, नवा स्वभाव बसवतात आणि समाजाच्या सेवेला लावतात. ब्रदर एडवर्ड नावाच्या एका सालस संन्याशाला (ब्रॅड डूरिफने कमाल केलीय) हळूहळू कळतं की आपणच पूर्वी माणसं मारत होतो. नेमकी अशीच कल्पना एका चाहत्याने जाहीरपणे लिहून टाकली. जेएमएसने ती गोष्ट बाजूला ठेवून दिली. पुढे त्या चाहत्याने आपला काही दावा नाही असं रीतसर लिहून दिलं, तेव्हा कुठे तो भाग झाला.

तो झाला हे आपलं नशीब. कारण शेवटच्या प्रसंगात एडवर्डला मारणारा माणूसच, आता त्याचीही स्मृती पुसलेली, मठाच्या झग्यात हसतमुखाने शेरिडनसमोर, म्हणजे स्थानकाच्या नंतरच्या प्रमुखासमोर, येतो. त्याला काहीच आठवत नसतं. शेरिडनला मात्र सगळं माहीत असतं. तो क्षणभर तसाच उभा राहतो. मठाचे प्रमुख, ब्रदर थिओ, त्याला क्षमेबद्दलचं त्याचंच बोलणं आठवून देतात. मग तो हात पुढे करतो, पण त्या हात मिळवण्यात क्षमा किती आणि शिष्टाचार किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणजे ‘लोकांचं ऐकून गोष्ट बदलली का’ याचं उत्तर जवळजवळ उलटं आहे. लोकांनी काही सुचवलं की त्याला ते वापरणं अवघड होऊन बसायचं.

मग सगळं आधी ठरलं होतं का? मुक्काम ठरला होता, रस्ता नाही. सर्वांत चांगला पुरावा म्हणजे लोंडो मोलारी. मालिकेच्या पहिल्याच नियमित भागात, १९९४ च्या जानेवारीत, हा दारुडा, बढाईखोर राजदूत सांगतो की आपल्या सेंटॉरी जमातीच्या माणसांना स्वतःचं मरण स्वप्नात दिसतं, आणि मला दिसलंय: मी म्हातारा आहे आणि जीकारचे हात माझ्या गळ्याभोवती आहेत. तेव्हा जीकार, म्हणजे नार्न जमातीचा राजदूत, त्याचा हाडवैरी. आपण म्हणतो, बरोबर, शत्रू गळा दाबणारच. १९९६ मध्ये ‘वॉर विदाउट एंड’ या भागात तो क्षण दिसतो आणि सगळं उलटंपालटं होतं. लोंडो सम्राट आहे, पण त्याच्या खांद्यावर बसलेला परका जीव त्याच्यावर हुकूम चालवतोय. त्याला दारू पाजून झोपवलंय आणि तो उठायच्या आत लोंडो आपल्या जुन्या मित्राला विनवतोय की मला मार. मित्राला. त्याच प्रसंगात जीकारला एकच डोळा आहे, आणि तो डोळा जातो कसा हे आपल्याला पुढच्या सीझनमध्ये कळतं.

एवढं लांबचं जुळवायला कागदावर काहीतरी असावंच लागतं. पण वैरी ते मित्र हा मधला प्रवास कसा झाला ते बघा. ‘कन्व्हिक्शन्स’ या भागात स्फोट होतो आणि दोघं लिफ्टमध्ये अडकतात. लोंडोच्या सरकारचा नियम असा की एका सेंटॉरीचा खून झाला तर पाचशे नार्न मारायचे. म्हणजे जीकारला इच्छा असून हात लावता येत नाही. पण अपघातात दोघंही मेले तर खून कुणी केलाच नाही! हे ध्यानात आल्यावर जीकार जो खुदुखुदू हसायला लागतो, आणि लोंडो सुटकेसाठी धडपडत असताना स्वतः ढिम्म हलत नाही... अँड्रियास कात्सुलास आणि पीटर युरासिक या दोन नटांनी तो लिफ्टचा डबा असा काही भरून टाकलाय की मी तो प्रसंग जेवताना बघू शकत नाही, ठसका लागतो.

आता हिरो का बदलला. पहिल्या सीझनचा कमांडर जेफ्री सिंक्लेर, म्हणजे मायकेल ओ’हेअर. दुसऱ्या सीझनपासून ब्रूस बॉक्सलायटनरचा शेरिडन. लोकांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला. जेएमएसचं उत्तर ठरलेलं: दोघांच्या संमतीने झालं, वाद नाही, आणि कथेलाही त्याची गरज होती. मिनबारी या परग्रहवासीयांबरोबरच्या युद्धाचं सगळं रहस्य आधीच सिंक्लेरशी बांधलेलं. शॅडो या दुसऱ्या, प्राचीन शत्रूची गोष्टही त्याच्याच गळ्यात मारली असती तर एकाच माणसाच्या बाबतीत किती योगायोग, असं झालं असतं. म्हणून नवा माणूस, ज्याची बायको इकारस जहाजावर बेपत्ता झाली. हे कारण खोटं नाही. कथेत ते चोख बसतं. तरी लोकांनी तर्क लढवलेच: चॅनलला ओळखीचा चेहरा हवा होता, नट लाकडी होता, वगैरे. जेएमएसने ते ऐकून घेतलं.

ओ’हेअर सप्टेंबर २०१२ मध्ये गेला. २०१३ मध्ये फिनिक्सच्या एका संमेलनात जेएमएसने उरलेलं सांगितलं. पहिल्या सीझनच्या चित्रीकरणातच ओ’हेअरला गंभीर मानसिक आजाराने गाठलं होतं. भास, कुणीतरी आपल्या मागावर आहे ही भीती. जेएमएसने उपचारांसाठी काही महिने काम थांबवायची तयारी दाखवली. ओ’हेअर नको म्हणाला, कारण मालिका थांबली तर बाकीच्यांच्या पोटावर पाय. कसाबसा सीझन पुरा करून गाजावाजा न करता बाहेर पडायचं ठरलं. जेएमएस म्हणाला, हे गुपित मी मरेपर्यंत ठेवीन. ओ’हेअरचं म्हणणं, तुझ्या नको, माझ्या मरणापर्यंत ठेव. पडद्यावरच्या कमांडरलासुद्धा हे होऊ शकतं हे लोकांना कळू दे. म्हणजे जवळपास वीस वर्षं जेएमएस अर्धं उत्तर देत राहिला, लेखक म्हणून शिव्याही खाल्ल्या, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. चाहत्याला कथेबद्दल विचारायचा हक्क आहे. नटाच्या आजारपणाच्या फाइलवर नाही.

कुठलं पात्र कधी सोडून जाईल याची तयारी तो आधीपासून ठेवायचा. प्रत्येक पात्रासाठी निसटायची एक वाट, चोरदरवाजा म्हणा. स्थानकावरची मन वाचणारी टालिया विंटर्स दुसऱ्या सीझनमध्ये गेली तेव्हा पायलटमधली तशीच मन वाचणारी लायटा परत आली. ही व्यवस्था कामाची होती, पण बिनखर्चाची नव्हती. पहिल्या सीझनमध्ये टालियाला एक जबरदस्त शक्ती मिळते, ‘माइंड वॉर’ हा भाग आठवा. तो धागा तसाच लोंबकळत राहिला. ‘सगळं आधी ठरलं होतं’ म्हणणाऱ्या भक्तांनी हे विसरू नये. पुढे जेएमएसने पटकथांच्या खंडांमध्ये मूळ आराखडाही छापला. त्यात सिंक्लेर आणि मिनबारींची राजदूत डेलेन यांचं मूल आहे, स्थानकाचा नाश आहे आणि गोष्ट ‘बॅबिलॉन प्राइम’ नावाच्या दुसऱ्याच मालिकेत जाते. आपण पाहिली ती गोष्ट आणि हा आराखडा यांच्यात बरंच अंतर आहे.

चौथा सीझन धावत सुटल्यासारखा का वाटतो, याचं कारण तर पैशाचं. दाखवणारं नेटवर्क, पीटीईएन, मोडकळीला आलं होतं आणि पाचवा सीझन मिळेल याची खात्री नव्हती. म्हणून शॅडोंचं युद्ध सहाव्या भागातच संपवलं आणि पृथ्वीचं यादवी युद्ध त्याच सीझनमध्ये कोंबलं. मूळ बेत शेरिडनच्या छळाच्या भागावर चौथा सीझन संपवायचा होता. शेवटचा भाग ‘स्लीपिंग इन लाइट’ही तेव्हाच चित्रित करून ठेवला. मग टीएनटीने पाचवा सीझन घेतला, तो भाग एक वर्ष डब्यात राहिला, आणि चौथ्यासाठी नवा शेवट करावा लागला. म्हणूनच आधी स्थानकाची उपप्रमुख असलेली पण पाचव्यात नसलेली इव्हानोव्हा अंतिम भागात अचानक हजर असते. (त्याच भागात स्थानकाचे दिवे मालवणारा तंत्रज्ञ म्हणजे खुद्द जेएमएस.) पाचवा सीझन सुरुवातीला पातळ का झाला, यावर त्याने सांगितलेला किस्सा असा की त्याची टिपणं एका हॉटेलात साफसफाई करताना फेकली गेली. असेल. पण दोन सीझनचा मीठमसाला एकात संपवल्यावर पुढच्याला काय उरणार, हे मला जास्त पटतं.

तुम्हाला हे स्वतः पडताळून पाहायचं असेल तर पहिल्या सीझनमधला ‘बॅबिलॉन स्क्वेअर्ड’ आणि तिसऱ्यातले ‘वॉर विदाउट एंड’चे दोन भाग लागोपाठ बघा. पहिल्यात निळ्या स्पेससूटमधला गूढ माणूस हेल्मेट काढतो तेव्हा आत म्हातारा सिंक्लेर असतो. मूळ बेतात ओ’हेअरच पाचही वर्षं हिरो असणार होता. दोन वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा जुळवायचा, तर त्या सूटमध्ये आळीपाळीने वेगवेगळी माणसं घालावी लागली आणि तरण्या सिंक्लेरच्या म्हातारपणाला काळप्रवासाचं कारण द्यावं लागलं. ओ’हेअर त्यासाठी परत आला होता. तीन भाग, सव्वादोन तासांचं काम. पायलट मात्र आत्ता बघू नका, तो रटाळ आहे.