लस दिल्यानंतर ती सुरक्षित आहे का हे पुढे कोण बघतं?

हाच प्रश्न माझ्या वहिनीने विचारला होता, पंचवटीत बाळाला गोवर-रुबेलाची लस दिली आणि आठवड्याने ताप आला तेव्हा.

बघा, लस यायच्या आधी हजारो लोकांवर चाचण्या होतात, पण दहा हजारात एखाद्याला होणारा त्रास तिथे दिसेलच असं नाही. म्हणून नंतर लाखो लोकांच्या नोंदी जोडून बघतात. डेन्मार्कमध्ये प्रत्येकाला एक नंबर असतो, त्याच नंबरवर लसीची नोंद आणि हॉस्पिटलची नोंद जोडता येते, २०१९ ला त्यांनी असा ६,५७,४६१ मुलांचा डेटा बघितला, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) घेतलेली आणि न घेतलेली दोन्ही, आणि लसीमुळे ऑटिझम वाढलेला दिसला नाही. ही तुलनाच महत्त्वाची हो, कारण ताप काय, लस न घेतलेल्या पोरांनाही येतोच की!

आणि खरा धोका असेल तर तोही सापडतो. अमेरिकेत रोटाशील्ड नावाची, रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची लस १९९८ ला आली, बाळांच्या आतड्यात आतडं अडकल्याच्या केसेस दिसल्या आणि १९९९ मध्येच ती मागे घेतली.

आपल्याकडे असा त्रास आशाताई, नर्स, डॉक्टर एईएफआय (म्हणजे लसीनंतर झालेला त्रास) म्हणून वर कळवतात, पण नुसत्या तक्रारी मोजून, लस न घेतलेल्यांशी तुलना होत नाही, त्याला जोडलेला डेटाच लागतो.

वहिनीच्या बाळाचा ताप दोन दिवसात उतरला, तरी मी तिला आशाताईंना सांगायला लावलंच, कार्डावरची तारीख दाखवून.