अंतराळयोद्ध्याचे चिलखत कशाचे करावे?

प्रश्न : महाविद्यालयातील वेशभूषा स्पर्धेसाठी मला विज्ञानकथेतल्या योद्ध्याचे चिलखत घरीच तयार करायचे आहे. थर्माकोल घ्यावा की थ्रीडी प्रिंटरवर भाग छापून घ्यावेत? (एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : थर्माकोलचा विचार सोडावा, जोडकामासाठी वापरल्या जाणाऱ्या रबर सोल्युशनमधील द्रावक त्याला अक्षरशः खाऊन टाकतो. आमची पसंती ईव्हीए फोमला, म्हणजे रबरासारख्या लवचिक, हलक्या प्लास्टिक फोमला आहे. एकमेकांत अडकवायच्या व्यायामाच्या चटया बहुधा त्याच्याच असतात. छाती व खांद्यांसाठी १० मिलिमीटर, हातापायांसाठी ५ आणि वरच्या नक्षीसाठी २ मिलिमीटर जाडी पुरते. मात्र बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहणारा पोचट माल घेऊ नये, कारण तो वळणावर सुरकुततो. हीट गनने (गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने) शेकल्यास फोम हवा तसा वाकतो, शिवाय पृष्ठभागावरची छिद्रे मिटून रंग कमी शोषला जातो. थ्रीडी प्रिंटरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीएलए या प्लास्टिकचे छापील भाग सुबक दिसतात खरे, पण ते प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, त्यामुळे वडोदऱ्याच्या मे महिन्यात उन्हातल्या बंद मोटारीत ठेवलेले शिरस्त्राण वाकडे होऊन हाती येण्याची भीती आहे. गुडघ्यांवर कडक काहीच नको. योद्ध्यालाही बसावे लागतेच. सोल्युशन लावताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि फोम घासताना मास्क लावावा.