थुंकी लावलेल्या नोटा आणि सोनं करणारे जंतू

प्रश्न : मंडईत सुट्टे परत देताना भाजीवाले अंगठा जिभेला लावून नोटा मोजतात, मला अगदी नको होतं. सून म्हणते घरी आणून सॅनिटायझरने पुसा. खरंच एवढे जंतू असतात का? – एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : असतात हो आजी. आपली नोट कागदाची वाटते पण असते कापसाची, त्यामुळे घाम, तेल, थुंकी सगळं त्या धाग्यांत मुरतं आणि जंतूंची आयतीच सोय होते. जिनिव्हाच्या संशोधकांनी २००८ मध्ये लॅबमध्ये मुद्दाम शेंबडासकट फ्लूचा विषाणू नोटांवर लावून बघितला, तर तो १७ दिवसांपर्यंत टिकला! पण म्हणून नोटा पुसत बसू नका, हात धुवा, बास. तांब्यावर जंतू मरतात, म्हणजे जुना तांब्याचा पैसा त्या बाबतीत बरा होता, आताचा रुपया स्टीलचा, त्याला ते जमत नाही.

आणि सगळेच जंतू काही वाईट नसतात हं. क्युप्रिआव्हिडस मेटॅलिड्युरन्स (नाव वाचताना मीच अडखळले) हा मातीतला जंतू, विरघळलेलं सोनं त्याला विषारी, म्हणून स्वतःला वाचवायला तो त्याचे घट्ट कण करून टाकतो, खरंखुरं सोनं, पण इतकं बारीक की मणीसुद्धा व्हायचा नाही. बुरशीचं म्हणाल तर आपल्या पिंपरीत १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली ती बुरशीपासून मिळणाऱ्या पेनिसिलिन या औषधासाठीच, किती घरांच्या चुली त्या बुरशीवर पेटल्या असतील!