श्वानपालन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळीची बाग असून आम्ही मळ्यातच घर बांधून राहतो. घरात वृद्ध आई, आम्ही उभयता आणि सहा व अकरा वर्षांची दोन मुले आहेत. राखणीसाठी आणि घरात वावरण्यासाठी जर्मन शेफर्डचे पिल्लू आणायचे आहे. एका ब्रीडरकडे ‘शो लाइन’ची (प्रदर्शनांसाठी जोपासलेल्या वंशाची), तर दुसऱ्याकडे ‘वर्किंग लाइन’ची (कामासाठी जोपासलेल्या वंशाची) पिल्ले आहेत. खरी राखण वर्किंग लाइनचाच कुत्रा करतो, असे दुसऱ्याचे म्हणणे आहे. पहाटे तासभर आणि संध्याकाळी अर्धा तास आम्ही देऊ शकतो. केळीची कापणी सुरू असताना तेवढेही जमत नाही. कोणते पिल्लू घ्यावे?

उत्तर : कापणीच्या दिवसांत वेळ मिळत नाही हे आपण मोकळेपणाने लिहिले आहे आणि माझ्या मते निर्णय तिथेच होतो. आपण शो लाइनचे, शक्यतो मादी पिल्लू घ्यावे.

ही जात मुळात कामासाठीच घडवली गेली. 1899 मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी जर्मनीत या जातीची संस्था स्थापन केली, तेव्हा मेंढ्या राखणारा, दमदार आणि समजूतदार कुत्रा त्यांना हवा होता. दिसणे दुय्यम होते. पुढे प्रदर्शनांत यश मिळवणारे आणि माग काढणे, आज्ञापालन व संरक्षण या तीन अंगांच्या परीक्षांत यश मिळवणारे कुत्रे वेगवेगळे निवडले जाऊ लागले आणि दोन वंशरेषा दुरावत गेल्या. काळ्या-तांबड्या रंगाचा, मागे उतरत्या पाठीचा कुत्रा बहुधा शो लाइनचा असतो; वर्किंग लाइनमध्ये करडा किंवा पूर्ण काळा रंग आणि तुलनेने सरळ पाठ अधिक दिसते. परंतु घरात राहणाऱ्या माणसांना रंगापेक्षा स्वभावातला फरक जाणवतो. प्रशिक्षक ज्याला ‘ड्राइव्ह’ म्हणतात, ती हलत्या वस्तूमागे धावण्याची, पकडण्याची आणि पकडलेले न सोडण्याची ओढ वर्किंग लाइनमध्ये जाणीवपूर्वक वाढवलेली असते. प्रशिक्षकाच्या हाती ती मोठी जमेची बाजू आहे. रोज नवे काम मिळाले की असा कुत्रा झपाट्याने शिकतो. काम न मिळाल्यास मात्र तो ते स्वतः शोधतो, मग ते ठिबकच्या नळ्या कुरतडणे असेल, मोटारसायकलींमागे धावणे असेल किंवा खेळताना पळणाऱ्या मुलांच्या टाचा पकडणे असेल. काठी टेकत चालणाऱ्या आपल्या आईंना त्याच्या नुसत्या उडीचाही धक्का सोसणार नाही, कारण पूर्ण वाढलेल्या नराचे वजन 30 ते 40 किलो भरते.

आता राखणीबद्दल. अनोळखी माणूस बांधावर आला की भुंकून घराला जागे करणे, हीच मळ्यातली राखण. ती चांगल्या स्वभावाचा शो लाइनचा कुत्राही करतो आणि त्यासाठी त्याला चावायला शिकवावे लागत नाही. साखळीने बांधून, डिवचून कुत्रा ‘कडक’ करण्याचा जो प्रकार आपल्याकडे चालतो, त्यातून राखणदार नव्हे तर भेदरलेला कुत्रा तयार होतो, आणि भेदरलेला कुत्रा मजूर कोण व चोर कोण हे पाहत नाही. पाळीव प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची खबरदारी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार गुन्हाही आहे.

‘वर्किंग लाइन’ हा शब्द जाहिरातीत कोणीही लिहू शकतो. त्या ब्रीडरला पिल्लाच्या आई-वडिलांनी कोणती परीक्षा दिली हे विचारा. उत्तर नुसत्या रंगाचे आणि किमतीचे आले तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. शो लाइनवाल्याकडे खुब्यांचे एक्स-रे मागा, कारण खुब्याच्या सांध्यातील दोष या जातीत आनुवंशिक आहे आणि तो दोन्ही रेषांत आढळतो. निदान पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहा. परक्या माणसाजवळ ती मोकळेपणाने येत असेल तर उत्तम. ती कोपऱ्यात दबून गुरगुरत असेल, तर वंशावळीचा कागद कितीही लांबलचक असला तरी परत फिरावे. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास कुत्र्यांची पैदास व विक्री याबाबतच्या 2017 च्या नियमांनुसार मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.

आपल्या भागातील उन्हाळा हा या निवडीतला आणखी एक मुद्दा आहे. मे महिन्यात भुसावळ-रावेर पट्ट्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. जास्त ड्राइव्हचा कुत्रा चेंडूमागे धावताना स्वतःहून थांबत नाही, म्हणून उष्माघाताचा धोका त्याला अधिक असतो. कोणत्याही रेषेचा कुत्रा असला तरी उन्हाळ्यात सराव सूर्योदयापूर्वीच संपवावा आणि अंगावरचे केस भादरू नयेत, कारण दुहेरी केसांचा थर उन्हापासूनही त्याचे रक्षण करतो. आपला मळा सातपुड्याच्या पायथ्याजवळ असेल तर रात्री त्याला बागेत बांधून ठेवणे टाळा. बिबट्या कुत्रा उचलतो आणि साखळीला बांधलेल्याला तर पळताही येत नाही. त्याची जागा रात्री घरात किंवा बंद ओसरीत असावी. भुंकणे तिथूनही ऐकू येते.

प्रश्न : आम्ही धुळ्यात देवपूर भागात फ्लॅटमध्ये राहतो. लॅब्राडॉरमध्येही असे दोन प्रकार असतात का?

उत्तर : असतात. प्रदर्शनासाठी वाढवलेला लॅब्राडॉर रुंद छातीचा, आखूड पायांचा आणि बहुधा शांत असतो; शिकारीत पक्षी उचलून आणण्यासाठी निवडलेला सडपातळ आणि फार चपळ असतो. फ्लॅटसाठी पहिला बरा, मात्र त्याचे वजन फार लवकर वाढते. भूक आवरण्याशी संबंधित एका जनुकातील बिघाड अनेक लॅब्राडॉरमध्ये असतो, असे केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले. त्यामुळे त्याच्या केविलवाण्या नजरेला बळी पडून ताटातली पोळी देऊ नये. हलक्या हाताने चाचपल्यावर बरगड्या लागत नसतील, तर त्याच आठवड्यापासून त्याचे खाणे कमी करावे.