माझी लावी मऊ कवचाची अंडी देते आहे. खाद्यात कॅल्शियम असूनही असं का होतं?

तुम्ही लिहिलंय, की लेयर खाद्याच्या (अंडी देणाऱ्या पक्ष्यांसाठीच्या खाद्याच्या) पाकिटावर २.५ टक्के कॅल्शियम आहे, पिंजऱ्यात समुद्रफेन (कटलफिश या सागरी प्राण्याच्या अंगातलं चुनखडीसारखं कवच) टांगलेलं आहे, पिंजरा खिडकीशी असल्यामुळे ऊनही मिळतं, आणि तरी आठवड्यात तीन अंडी पिशवीसारखी मऊ निघाली. संध्याकाळी दाणे आणि मीलवर्म (पक्ष्यांना खाऊ म्हणून देतात त्या अळ्या) देता, हे तुम्ही शेवटी सहज सांगितलंय. मला वाटतं, गोम तिथेच आहे.

पण आधी लावीकडे बघा. ती चरते आहे, फिरते आहे, अंगावर पिसं नीट बसलेली आहेत, तर पुढचं सावकाश वाचा. पिसं फुगवून कोपऱ्यात बसली असेल, शेपटी वरखाली हलवत कुंथत असेल, पाय लटपटत असतील, तर वाचन थांबवा आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. मऊ अंडं आत अडकतं, कारण ते बाहेर ढकलायला स्नायूंना घट्ट पकड मिळत नाही. शिवाय स्नायू आकुंचन पावायलाही कॅल्शियमच लागतं, आणि त्याचीच तर चणचण असते. नेईपर्यंत तिला उबदार, शांत, अंधाऱ्या खोक्यात ठेवा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका. ते आत फुटलं तर पोटात संसर्ग होतो. माझी एक लावी अशीच रात्री कुंथत होती आणि मी सकाळपर्यंत थांबलो. सकाळी ती गेलेली होती. म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

आता हिशेब. जपानी लावीचं, म्हणजे आपण पाळतो त्या बटेरचं, अंडं साधारण १० ते १२ ग्रॅमचं असतं. त्यात कवच जेमतेम पाऊण-एक ग्रॅम. कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं आणि त्यात ४० टक्के कॅल्शियम, म्हणजे एका अंड्यामागे सुमारे ०.३ ग्रॅम कॅल्शियम शरीराबाहेर जातं. लावी दिवसाला २० ते २५ ग्रॅम खाते. पंचवीसही ग्रॅम तुमचं लेयर खाद्यच खाल्लं, तर पोटात ०.६ ग्रॅमच्या थोडं वर जाईल. खाल्लेलं सगळं रक्तात उतरत नाही; निम्मं धरलं तर ०.३. म्हणजे गरज जेमतेम भागते, शिल्लक काही राहत नाही. आता त्यातले १० ग्रॅम दाणे आणि मीलवर्म असतील, तर उरलेल्या १५ ग्रॅममधून तिच्या हाती ०.२ ग्रॅमही लागत नाही. दाण्यांत आणि मीलवर्ममध्ये कॅल्शियम नावापुरतं आणि फॉस्फरस भरपूर असतो, आणि जास्तीचा फॉस्फरस आहे ते कॅल्शियमही शोषू देत नाही. पाकिटावरचा आकडा खरा आहे, पण तो पाकिटाचा आहे. तुमच्या लावीच्या दिवसभराच्या खाण्याचा आकडा वेगळा आहे.

मग इतके दिवस कवच चांगलं कसं येत होतं? अंडी सुरू होण्याआधी मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास हाड तयार होतं. ती कॅल्शियमची साठवण असते. खाण्यातून कमी पडलं की शरीर तिथून काढतं आणि कवच धड दिसत राहतं. ही साठवण आटली की कवच पातळ होतं, मग मऊ. म्हणून मऊ अंडं ही सुरुवात नसते; तूट त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते आणि हाडं झिजलेली असतात. माझी सगळी काळजी या हाडांची आहे, अंड्याची नाही.

वेळेचंही बघा. लाव्या बहुतेक दुपारनंतर किंवा संध्याकाळी अंडं घालतात. पुढचं अंडं त्यानंतर काही तासांनी कवच बनवणाऱ्या भागात उतरतं आणि तिथे १९-२० तास राहतं. म्हणजे कवचाचं काम रात्रभर चालतं. नेमक्या त्याच संध्याकाळी आपण तिची गळ्यातली पिशवी मीलवर्मनी भरतो! ठिपके तर अगदी शेवटच्या काही तासांत उमटतात. त्यामुळे तुमची मऊ अंडी फिकट, बिनठिपक्यांची असतील तर ती वेळेआधी बाहेर पडली असण्याचीही शक्यता आहे. पिंजरा हलवला, मांजर दिसलं, रात्री दचकून उडाली, असं काही झालं होतं का, आठवून बघा.

मी काय करतो ते सांगतो. संध्याकाळचा खाऊ सकाळवर आणला आणि चिमूटभरच ठेवला. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवतो, बाजरीच्या दाण्याएवढा जाडसर. पीठ केलेला चुरा पोटातून लगेच पुढे जातो. जाडसर तुकडे पेषणीत, म्हणजे पक्ष्याच्या दाणे दळणाऱ्या जठरात, थांबून रात्रभर हळूहळू विरघळतात, आणि रात्रीच तर त्यांची गरज असते. समुद्रफेन टांगून लावीला फारसा उपयोग होत नाही. ती पोपटासारखी चावत बसत नाही, जमिनीवरचं टिपून खाते. ते किसून वाटीत टाका. अंड्यांची टरफलं धुऊन, भट्टीत कडक करून, ओळखू येणार नाहीत इतकी बारीक केलीत तर तीही चालतात. दाणे दळायला म्हणून जी बारीक खडी देतात, तिच्यातून मात्र कॅल्शियम मिळत नाही. ती विरघळतच नाही.

चुरा खाद्यात मिसळू नका. नराला आणि पिल्लांना एवढं कॅल्शियम लागत नाही. पिल्लांना जबरदस्तीने गेलं तर मूत्रपिंड बिघडतं. वाटी वेगळी असली की मादी तिच्या गरजेपुरतं खाते. पाण्यातून द्यायचं औषध मनाने सुरू करू नका. चव बदलली की त्या पाणीच कमी पितात.

खिडकीच्या उन्हाबद्दल: कॅल्शियम आतड्यातून शोषलं जायला जीवनसत्त्व डी-३ लागतं, आणि ते त्वचेत तयार करणारे अतिनील किरण काचेतून जवळजवळ येत नाहीत. ऊन दिसतं, ऊब लागते, पण डी-३ बनत नाही. पिंजरा जाळीतून थेट ऊन मिळेल असा ठेवा, अर्धा भाग सावलीत. नाहीतर खाद्यातल्या डी-३वरच सगळा भार पडतो, आणि उघडून महिनोन्‌महिने पडलेल्या खाद्यात ते कमी होत जातं. ऊन फार तापलं तर उलट परिणाम होतो. लावी धापा टाकते, श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. वर खाणंही घटतं.

खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू राहतो का? अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड पुष्कळ झाला. हाडं झिजलेल्या लावीला मी त्याहून कमी उजेड देतो, म्हणजे अंडी काही दिवस थांबतात आणि तिला साठवण भरून काढता येते. घरी पाळलेल्या लावीने रोज अंडं दिलंच पाहिजे, असं मला वाटत नाही.

तिचं वय तुम्ही दिलेलं नाही. सहा-आठ आठवड्यांची, नुकतीच अंड्यावर आलेली असेल तर पहिली एक-दोन मऊ अंडी निघतातच. वर्षाच्या पुढची असेल तर कवच थोडं पातळच राहील. मऊ अंडं दिसलं की लगेच उचला. एकदा फोडून खायची सवय लागली की ती सुटायला फार त्रास होतो. हे बदल केल्यावर दोन आठवड्यांत कवच सुधारलं नाही, तर ती हिंडती-फिरती असली तरी डॉक्टरांना दाखवा. नेताना एक मऊ अंडं डबीत घालून सोबत न्या आणि ती दिवसभरात काय काय खाते ते वजनासकट लिहून न्या.